रामशेजवर पहिल्यांदा जाताय? मग निघण्याआधी एवढे वाचा

नाशिकला नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतेच, "रामशेज केला का?" पंचवटीतून चौदा-पंधरा किलोमीटर, तासाभराचा चढ, तिकीट खिडकी नाही, सकाळी जाऊन जेवायला घरी. त्यामुळे पंचवटी, म्हसरूळ, मखमलाबादकडच्या लोकांसाठी हा किल्ला म्हणजे जवळजवळ बागच झाला आहे. रविवारी पहाटे चालायला येणारी मंडळी, डबे घेऊन आलेली कुटुंबे, शाळेच्या सहली, राममंदिरात दर्शनाला येणारे आजी-आजोबा अशी सगळी वर्दळ तिथे असते.

घोटाळा होतो तो इथेच. बागेत दिवे असतात, नळ असतो, सावली असते, पाय घसरेल तिथे कठडा असतो. रामशेज हा सव्वातीन हजार फुटांच्या आसपास उंचीचा, उघडा-बोडका, कातळकड्यांनी वेढलेला डोंगरी किल्ला आहे. सलग पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांना दाद न देणारा. बागेला जावे तसे चपला घालून, अर्ध्या लिटरची बाटली घेऊन, अकरा वाजता निघालेली माणसे दमतात, घसरतात, अर्ध्यातून परततात, किंवा माथ्यावर पोहोचूनही काही न पाहता सेल्फी काढून उतरतात. या शेवटच्या प्रकारात अपघात होत नाही, पण वाईट तोच जास्त वाटतो. म्हणून कसे जायचे आणि वर गेल्यावर काय पाहायचे, दोन्ही इथे क्रमाने दिले आहे.

१. ऋतू आणि वेळ आधी ठरवा

सर्वांत चांगला काळ सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पाऊस ओसरताना उतारावर सोनकी, तेरडा फुललेला असतो, टाकी भरलेली असतात आणि हवा धुऊन निघालेली असल्यामुळे लांबचे डोंगर दिसतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट चांगलीच बोचते. माथ्यावर वारा मोकळा असल्याने गार आणखी वाटते. कानटोपी न्यायला लाजू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर देखणा दिसतो, पण दोन अडचणी असतात. कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि रविवारी गर्दी होते. शक्य असेल तर पावसाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. ढग उतरले तर माथ्यावर दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. अशा वेळी कड्याकडे जाऊ नका, आहात तिथे बसून राहा. बहुतेकदा पाऊण तासात मोकळे होते.

मार्च ते मे जायचेच असेल तर सूर्योदयाला पायथ्याशी आणि नऊच्या आत परत खाली, हा नियम कडक पाळा. चढाच्या वाटेवर सावली जवळपास नाहीच. काळा बेसॉल्ट तापला की उष्णता खालूनही लागते. नऊ वाजता "अजून ऊन कुठे आहे" असे वाटते, आणि उतरताना दहाला डोके दुखायला लागते.

मे अखेर, जूनचा पहिला पंधरवडा आणि परतीच्या पावसाचे दिवस यांत दुपारनंतर विजा होतात. माथ्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. आभाळ काळवंडून गडगडाट ऐकू आला की फोटोची वाट न पाहता उतरायला लागा. एकट्या झाडाखाली किंवा झेंड्याच्या खांबाजवळ थांबू नका.

चैत्रातल्या रामनवमीला मंदिरात गर्दी असते. उत्सव पाहायचा असेल तर जरूर जा, किल्ला पाहायचा असेल तर तो दिवस सोडा.

२. पिशवीत काय हवे

- पाणी: माणशी २ लिटर, उन्हाळ्यात ३. सर्वांत जास्त चूक इथेच होते. वरची टाकी पाहून "पाणी आहे की" असे म्हणू नका. त्याविषयी पुढे सांगितले आहे.
- बूट: तळव्याला खाचा असलेले. चालण्याचे गुळगुळीत झालेले जुने बूट चपलेइतकेच वाईट.
- टोपी किंवा उपरणे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. गवतात फिरायचे असल्याने लांब पॅन्ट.
- खाणे: गूळ-शेंगदाणे, चिक्की, केळी, दशम्या किंवा पराठे. रस्सा, चटण्यांच्या वाट्या असा थाट वर सांभाळता येत नाही.
- मीठ-साखरेच्या पाण्याची दोन पाकिटे, क्रेप बँडेज, कापूस, जंतुनाशक मलम, नेहमीची औषधे.
- बॅटरी. पहाटे निघणार असाल तर लागतेच, आणि मंदिराच्या गुहेत व चोरदरवाजापाशीही उपयोगी पडते.
- कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.
- कागदपत्रे: गडावर कोणी काही मागत नाही. गाडीने जाणार असाल तर लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. दुचाकीवर मागच्यालाही हेल्मेट. एसटीने जाणाऱ्या ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावे. ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि महिलांना अर्धे तिकीट आहे, पण वयाचा पुरावा कंडक्टर मागतो.
- सुटे पैसे: पार्किंग, चहा, मंदिराची पेटी.

काठी असेल तर घ्या. चढताना तिची गरज वाटत नाही, उतरताना गुडघे आभार मानतात.

३. आशेवाडीपर्यंत कसे पोहोचाल

किल्ला दिंडोरी तालुक्यात येतो, पायथ्याचे गाव आशेवाडी. रस्ता मात्र दिंडोरीचा नाही, पेठचा. ही पहिली फसगत. दिंडोरी रोड आणि पेठ रोड दोन्ही पंचवटीतूनच फुटतात, आणि "दिंडोरी तालुका" ऐकून माणूस दिंडोरी रोडला लागतो. खूण सोपी आहे: आरटीओ ऑफिस लागले म्हणजे तुम्ही पेठ रोडवर बरोबर आहात. तसेच पुढे जात राहायचे आणि आशेवाडी फाट्याला वळायचे.

दुसरी फसगत म्हणजे चांभार लेणी. शहरातून बाहेर पडताना उजव्या हाताला एक सुटा डोंगर दिसतो, त्याच्या अंगावर पायऱ्या आणि वर बांधकाम. नवखे त्यालाच रामशेज समजतात. ती जैन लेणी, गजपंथ, म्हसरूळजवळची. तीही पाहण्यासारखी आहेत, पण तो डोंगर वेगळा. रामशेज त्याच्या पलीकडे, माथा बराचसा सपाट आणि खाली उभा कातळ असा दिसतो. मोबाईलच्या नकाशात किल्ल्याचे नाव टाकण्यापेक्षा "आशेवाडी" टाका. किल्ल्याचे नाव टाकले की नकाशा कधी कधी डोंगराच्या भलत्याच बाजूला, शेताच्या बांधापर्यंत नेऊन सोडतो.

एसटीने जायचे तर पेठकडे जाणारी साधी गाडी पकडा आणि कंडक्टरला आधीच "आशेवाडी फाटा" सांगा. लांब पल्ल्याच्या गाड्या फाट्यावर थांबतीलच असे नाही, म्हणून चढण्याआधीच विचारा. फाट्यापासून गावापर्यंत चालण्यासाठी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. परतीची गाडी किती वाजता, हे उतरतानाच विचारून घ्या, कारण फाट्यावर उन्हात तासभर उभे राहण्याइतके गड चढणेही अवघड नाही.

पेठ रोड गुजरातकडे जाणारा महामार्ग आहे. अवजड गाड्या जास्त असतात. पहाटेच्या अंधारात दुचाकीवर असाल तर वेग आवरा, आणि फाट्यावर वळताना मागचा ट्रक पाहूनच वळा.

गावात गाडी कोणाच्या अंगणासमोर, गोठ्याच्या तोंडाशी किंवा बैलगाडी-ट्रॅक्टरच्या वाटेवर लावू नका. आसपास द्राक्षबागा आहेत. बागेत शिरून घड हातात धरून फोटो काढणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने उपद्रव असतो. हात लागला की मण्यावरची लव, म्हणजे नैसर्गिक मेण, निघते आणि माल डागाळलेला दिसतो. शिवाय नुकतीच फवारणी झालेली असेल तर तुमच्याही तब्येतीला ते बरे नाही.

४. पायथा ते राममंदिर

गावातून पायवाट निघते आणि पुढे पायऱ्या लागतात. वाट ठसठशीत आहे, चुकण्यासारखी नाही. मधे मधे जनावरांच्या आडव्या वाटा फुटतात, त्या सोडून द्या. साधारण अर्ध्या तासात कातळाच्या पोटातले राममंदिर येते.

हा टप्पा सर्वांत कमी अवघड आणि सर्वांत जास्त दमवणारा. पहिली दहा मिनिटे सगळे जोरात चढतात आणि मग धापा टाकतात. बोलता बोलता चढता आले पाहिजे, एवढाच वेग ठेवा. बोलणे तुटायला लागले की थांबा, उभ्यानेच श्वास सावरा, दोन घोट पाणी घ्या. रक्तदाबाची किंवा हृदयाची तक्रार असलेल्यांनी मंदिरापर्यंत जाऊन तब्येत कशी आहे ते पाहावे आणि मगच पुढचे ठरवावे. मंदिर पाहून परत फिरण्यात काही कमीपणा नाही. कित्येक जण फक्त दर्शनासाठीच एवढे येतात.

मार्च ते मेमध्ये पायऱ्यांच्या बाजूला सुटा मुरूम असतो. त्यावर पाय पडला की तो दाण्यांसारखा घरंगळतो. पायऱ्या सोडून आडवाटेने "शॉर्टकट" मारू नका. पाय घसरतो हे एक कारण. दुसरे असे की प्रत्येक शॉर्टकटने गवत उखडते, पावसाळ्यात त्याच रेषेतून पाणी धावते आणि पुढच्या वर्षी तिथे ओहळ होऊन पायऱ्यांखालची माती वाहून जाते.

मंदिर गुहेत आहे. चपला बाहेर, आवाज खाली. वनवासात श्रीराम इथे विसावले, ही त्यांची शेज, म्हणून रामशेज, अशी श्रद्धा आहे. जवळच खडकात पाण्याचे टाके आहे. किल्ल्याचा खरा चढ इथून पुढे, म्हणून दहा मिनिटे बसा. इथे वाऱ्याची झुळूक आणि कातळाची सावली दोन्ही मिळतात. वर सावलीसाठी वणवण करावी लागेल.

५. मंदिर ते दरवाजा: पाय जपायची जागा

इथून माथ्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटे लागतात. अंतर थोडे, पण लक्ष इथेच लागते. पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत आणि एकसारख्या नाहीत. काही वीतभर उंच, काही गुडघ्याला येणाऱ्या, काही मधे झिजून उताराला लागलेल्या. जुन्या किल्ल्यांच्या पायऱ्या अशा असल्या की धावत येणाऱ्याची लय मोडते आणि वरच्याला वेळ मिळतो.

इथे चार गोष्टी पाळा.

पाय पायरीच्या आतल्या बाजूला टेका, कडेला नको. ओल असेल तर पूर्ण तळवा टेका, टाच आपटू नका. हात मोकळे ठेवा, मोबाईल खिशात. वरून कोणी उतरत असेल तर रुंद जागेवर थांबून त्याला आधी जाऊ द्या, कारण उतरणाऱ्याचा तोल लवकर जातो.

लहान मूल असेल तर चढताना ते मोठ्या माणसाच्या पुढे आणि उतरताना मोठा माणूस मुलाच्या पुढे, म्हणजे मोठा नेहमी उताराच्या बाजूला. कडेवर मूल आणि पाठीवर पिशवी असे दोन्ही एकाने घेऊ नये.

कपारीत हात घालून आधार शोधू नका. फुरसे आणि घोणस यांना अशा जागा आवडतात. साप चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळपट्टी बांधायची नाही. माणसाला चालू न देता शक्य तितका स्थिर ठेवून खाली आणायचे आणि थेट नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचे. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर कुठल्याही आणीबाणीला ११२. वर सगळ्याच कंपन्यांची रेंज सारखी नसते, म्हणून गटात किमान दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असू द्या.

कड्याला मधमाश्यांचे आग्यामोहोळ दिसले तर त्याखाली धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड हे चारही टाळा.

६. माथ्यावर काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे

माथा लांबट आणि उघडा आहे. बहुतेक लोक झेंड्यापाशी जातात, फोटो काढतात आणि वळतात. तुम्ही दीड तास द्या.

आधी दरवाजापाशीच थांबा आणि मागे वळून पाहा. आपण जिथून आलो ती वाट वरून किती ठिकाणांहून माऱ्यात येते ते मोजा. मग तटबंदीच्या उरलेल्या रांगेने कड्याच्या कडेकडेने, पण कडेपासून दोन-तीन पावले आत राहून फेरी घाला. तट कुठे आहे यापेक्षा कुठे नाही हे बघा. जिथे कातळच सरळ तुटलेला आहे तिथे बांधायची गरज पडलेली नाही. जिथे घळ आहे किंवा कडा थोडा कलता आहे तिथेच दगड रचलेले दिसतील.

मग टाक्यांकडे या. खडकात खोदलेली ही टाकी म्हणजे किल्ल्याचा जीव. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर दुहेरी हिशेब असायचा: टाके खोदताना निघालेला दगड बांधकामाला आणि खोदलेला खड्डा पाण्याला. बेसॉल्ट अखंड असेल तिथे टाके गळत नाही, भेग असेल तिथे पाणी टिकत नाही. म्हणून टाकी हवी तिथे नाहीत, खडकाने परवानगी दिली तिथे आहेत. फेब्रुवारीनंतर गेलात तर कोणत्या टाक्यात पाणी उरलेय आणि कोणती कोरडी, हे पाहून खडकाचा बरेवाईटपणा तुम्हालाही कळेल.

टाक्यांबाबत दोन इशारे. बहुतेक टाक्यांना कठडा नाही आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उंच वाळके गवत काठ झाकून टाकते. गवतातून चालताना काठीने पुढे चाचपा, मुले हाताशी धरा. काठ निसरडा आणि भिंती उभ्या, त्यामुळे पोहता येणाऱ्यालाही बाहेर निघायला धरायला काही सापडत नाही. पाण्यात उतरू नका, पायही धुऊ नका. पिण्यासाठी पाणी घ्यायचीच वेळ आली तर गाळून आणि उकळून, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून.

पुढे जमिनीच्या पातळीत उतरत जाणारा चोरदरवाजा बघा. लांबून कळत नाही, अगदी जवळ गेल्यावरच पायऱ्या खाली जाताना दिसतात, आणि तसे असणे हाच त्याचा उपयोग. बॅटरी लावून, आत कोणी जनावर नाही ना हे पाहून, जपून डोकवा. एका वेळी एकच माणूस. त्याच्या पलीकडे उतरायचा प्रयत्न करू नका. आज ती वाट धड राहिलेली नाही.

देवीचे मंदिर, बांधकामांची जोती, बुरुजाचे अवशेष हे सगळे सावकाश पाहण्यासारखे. जोत्यांवर चढून बसू नका. वरचे दगड चुन्याने धरलेले नाहीत, नुसते ठेवल्यासारखे झाले आहेत, आणि एक निघाला की रांग सुटते.

शेवटी दक्षिणेकडे तोंड करून बसा. समोर नाशिक पसरलेले, अलीकडे चांभार लेणीचा डोंगर, शेजारी देहेरगड आणि भोरगड. हवा स्वच्छ असेल तर त्र्यंबकची रांग आणि दुसरीकडे सातमाळेची शिखरेही ओळखता येतात.

७. वेढा समजून घ्या, म्हणजे किल्ला दिसेल

इथे वेळ घालवा. हे ठाऊक नसेल तर रामशेज म्हणजे चार टाकी आणि दगड.

१६८१-८२ मध्ये औरंगजेब दख्खनेत उतरला आणि त्याने मराठ्यांचे जे किल्ले आधी घ्यायला सांगितले त्यांत रामशेज होता. निवड बरोबर वाटत होती. त्र्यंबकसारखा तो अजस्र नाही, साल्हेरसारखा उंच नाही, भोवती रान नाही. शहाबुद्दीन खान, म्हणजे पुढचा फिरोजजंग, हैदराबादच्या पहिल्या निजामाचा बाप, मोठी फौज आणि तोफा घेऊन पायथ्याशी आला. गडावर शिबंदी, म्हणजे पहाऱ्याचे शिपाई, सुमारे सहाशे.

आता तुम्ही कड्याच्या काठी उभे आहात, तिथून हिशेब करा. खालून डागलेला गोळा उतारावर आपटतो किंवा कातळावर. भिंत पाडायची तर आधी भिंत हवी, आणि इथे बहुतेक भिंत म्हणजे डोंगरच. सुरुंग लावायचा तर अखंड बेसॉल्ट फोडायचा. म्हणून खानाने लाकडाचा प्रचंड दमदमा उभारला, म्हणजे उंच मचाण, की तोफा किल्ल्याच्या पातळीला याव्यात. पेठ रोडच्या आजूबाजूचे आजचे मोकळे माळ पाहताना त्या लाकडांचा विचार करा.

खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. तो लिहितो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. मराठ्यांनी लाकूड पोखरून तोफा केल्या आणि कातडे वापरून त्या डागल्या. शत्रूच्या लेखणीतून आलेले हे कौतुक आहे, म्हणून त्याची किंमत जास्त. बाहेरून संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना मदतीला धाडले, त्यामुळे वेढा घालणाऱ्यालाच पाठ सांभाळावी लागली.

शहाबुद्दीन हटला, बहादूरखान कोकलताश आला, औरंगजेबाचा दूधभाऊ. त्याने एका बाजूला बाजारबुणग्यांचा गलका उठवला आणि दुसऱ्या बाजूने रात्री निवडक माणसे दोराने चढवली. किल्लेदाराने डाव ओळखला. गलक्याच्या बाजूला आपलेही ढोल-नगारे वाजत ठेवले आणि दुसऱ्या बाजूला माणसे गुपचूप दबा धरून बसवली. कड्यावर डोके वर काढणारा पहिला माणूस वर आला तसा खाली गेला. फेरी घालताना जिथे कडा थोडा कलता दिसला होता, त्या जागा आता पुन्हा पाहा. नेमकी जागा आज दाखवता येत नाही, पण चढणारा कुठून चढेल हे डोळ्यांना कळते.

याच खानाला एका मांत्रिकाने शंभर तोळे सोन्याचा नाग करून मागितला, तो हातात धरून मांत्रिक फौजेच्या पुढे निघाला, आणि गडावरून आलेला गोफणीचा दगड छातीत बसून नाग एकीकडे नि तो एकीकडे पडला, हेही खाफीखानच सांगतो. शेवटी दमदमा जाळून खान निघून गेला. पुढे कासीमखानालाही जमले नाही. १६८७ मध्ये किल्ला गेला तो लाच देऊन, लढून नव्हे. नंतर १८१८ साली त्र्यंबक पडल्यावर शरण आलेल्या किल्ल्यांत रामशेजही इंग्रजांच्या हाती गेला.

मुलांना घेऊन गेला असाल तर हा वेढा त्यांना घरी सांगू नका, इथेच बसवून सांगा.

८. काय करू नये आणि का

कड्यावरून दगड लोटू नका. खालची वाट वरून दिसत नाही आणि त्यावर माणसे असतात.

चूल पेटवू नका. नोव्हेंबरपासून गवत पूर्ण वाळते, वारा सतत असतो, वणवा मिनिटात उतारावर पोहोचतो. जळते ते गवतच नसते. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि गावाच्या गुरांचा चारा जातो. आग दिसली तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा.

शेजारच्या भोरगडावर हवाई दलाचे रडार आहे, तिथे सर्वांना प्रवेश नाही. "आलोच आहोत तर तोही करू" असे म्हणून निघू नका. याच कारणाने या भागात ड्रोन उडवण्याचा विचारही नको. भोरगडाचे रान २००८ मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. त्यामुळे परिसरात बिबट्या असणे नवल नाही. अंधारात मुलांना एकटे पुढे-मागे सोडू नका, बस्स.

नावे कोरणे, रंगवणे, दारू, स्पीकर यांवर फार लिहायला नको. एवढेच सांगतो: गडाची साफसफाई दुर्गप्रेमी मंडळी सुटीच्या दिवशी स्वतःच्या हाताने करतात, टाक्यांतला गाळ पाट्यांनी उपसतात. आपण टाकलेली वेफर्सची पिशवी त्यांच्यापैकी कोणाला तरी वाकून उचलावी लागते.

९. उतरताना

पाय बहुधा उतरताना घसरतो, कारण मांड्या थकलेल्या असतात आणि लक्ष घराकडे लागलेले. निघण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा, नाहीतर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. कोरीव पायऱ्यांवर गरज वाटली तर तोंड कातळाकडे करून, शिडीसारखे उतरा. लाजायचे कारण नाही. पाण्याचा शेवटचा पाव भाग उतरण्यासाठी राखून ठेवा. पाय मुरगळला तर बूट काढू नका. सूज आली की पुन्हा चढत नाही. वरूनच पट्टी बांधा आणि दोघांच्या आधाराने खाली या.

संध्याकाळी गेला असाल तर सूर्यास्तापूर्वी पाऊण तास उतरायला लागा. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीत त्याआधीच दिसेनासे होते.

एकूण हिशेब: चढ एक तास, वर दीड तास, उतार पाऊण तास. मधले थांबे धरून साडेतीन तास. सहाला पायथा सोडला तर साडेनऊला गावात. पेठ रोडने परतताना मिसळ खायला हीच वेळ बरोबर. अकरानंतर रविवारी बसायला जागा मिळत नाही.

गाडीला किल्ली लावण्याआधी मात्र आशेवाडीतून एकदा वर पाहा. राममंदिराची गुहा कुठे, पायऱ्यांची रेघ कुठे, दरवाजा कुठे, हे आता बोटाने दाखवता येईल. त्याच्या डाव्या-उजव्या हाताचा कातळ नीट पाहा. फौजा ज्या बाजूने पाहत होत्या, ती बाजू ही.